उजव्या मुठीतलं पेन

इर्या कालिओ दर गुरुवारी दुपारी आजारी पडायच्या. जेवणं आटोपली की हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्याच्या टोकाला असलेल्या व्यायामाच्या खोलीत त्या पलंगावर आडव्या व्हायच्या. मग कधी त्यांचा खुबा मोडलेला असायचा, कधी पोट फाडून शिवलेलं असायचं, कधी डावं अंग गेलेलं असायचं. वय साठीला टेकलेलं, अंगाने रुंद, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. फिजिओथेरपीचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली यायचे ते जीव मुठीत धरून, कारण हा पेशंट साधासुधा नव्हता. तो पडायचा, ओकाऱ्या काढायचा, शिव्या द्यायचा आणि वर गुणही द्यायचा.

बाईंचंही चूक नव्हतं. विद्यापीठात मुलं एकमेकांवर शिकतात. एखादा धडधाकट मित्र 'मी लुळा' म्हणून पलंगावर पडतो आणि त्याला उठवायला गेलं की नकळत पाय रोवतो, पाठ ताठ करतो, आपलं निम्मं ओझं आपणच उचलतो. उचलणाऱ्याला वाटतं, वा, जमलं की! मग तोच शहाणा हॉस्पिटलात येतो, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या धिप्पाड माणसाला बसतं करायला जातो आणि त्याच्यासकट जमिनीवर येतो.

"मैत्रिणीला उचललं म्हणजे काही उचललं नाही," बाई म्हणायच्या. "ती तुझ्यावर माया करते. मी करणार नाही. मी गव्हाचं पोतं आहे. हं, उचल."

सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्या बंदरात निम्म्या घरांत कुणी ना कुणी धान्याच्या कोठारांवर राबलेलं होतं, त्यामुळे पोतं म्हणजे काय हे कुणाला समजवावं लागत नसे.

खेळाचा नियम एकच होता. बाई एकदा आडव्या झाल्या की त्या इर्या नव्हेत. समोर पेशंट आहे, आणि त्याचं जे होईल ते पेशंटचं होतंय. बाई स्वतः "पुरे" म्हणेपर्यंत कुणी खेळ मोडायचा नाही. दुसरा शब्द होता "पुन्हा". पुरे एका दुपारी एकदाच यायचं. पुन्हा मात्र इतक्यांदा, की मुलांच्या स्वप्नातही तेच ऐकू यायचं. हात चुकीच्या जागी गेला, पुन्हा. सलाईनची नळी ताणली गेली, पुन्हा. पेशंटच्या चेहऱ्याकडे न बघता आकड्यांच्या पडद्याकडे बघितलं, पुन्हा. आणि या सगळ्या वेळात बाईंच्या उजव्या मुठीत पेन असायचं. डावं अंग लुळं पडो, शुद्ध हरपो, पेन सुटायचं नाही. पुरे म्हटलं की त्याच पेनाने त्या तिथल्या तिथे गुण लिहायच्या. विद्यार्थी आपसांत म्हणायचे, बाई खऱ्या मेल्या तरी पेन हातात ठेवूनच पुरावं लागेल.

लारिसा हानचुक या बाईंकडे आली ती दुसऱ्या खेपेची विद्यार्थिनी म्हणून. पहिल्या खेपेला, दुसऱ्या एका शहरातल्या हॉस्पिटलात, तिला नापास केलं होतं. तिचा गुन्हा असा, की एका म्हाताऱ्याला पलंगावर बसवल्यावर तो पांढराफटक पडला, घामाने निथळला, आणि हिने भिंतीवरचं धोक्याचं बटण दाबलं. डॉक्टर, नर्सेस, यंत्रं, सगळी फौज धावत आली. तोवर म्हातारा ताळ्यावर येऊन सफरचंदाचा रस मागत होता. पुढच्या आठवड्यात तेच परत झालं. तिथल्या शिकवणाऱ्याने अभिप्राय दिला, मुलीचा धीर सुटतो, उगाच आरडाओरडा करते, तातडीच्या वॉर्डात उपयोगाची नाही. आता या खेपेलाही नापास झाली, तर अभ्यासक्रमातूनच बाहेर. तिसरी संधी कुणालाच मिळत नाही.

तिची आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात बाकीच्या युक्रेनी बायकांबरोबर करंजीसारख्या पिरोगी वळायला बसायची. त्या बायकांना तिने केव्हाच सांगून टाकलं होतं, "आमची लारिसा डॉक्टरच म्हणा ना. फक्त सुई टोचत नाही, एवढंच." पहिल्या वेळचं नापास होणं आईने त्या तळघरापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. दुसरं कसं दडवणार होती?

तेव्हा लारिसाने कानाला खडा लावला होता. आरडाओरडा करायचा नाही, घाबरायचं नाही, घाबरलं तरी दाखवायचं नाही.

आणि दुसऱ्याच गुरुवारी तिने माती खाल्ली. त्या दिवशी बाई मिस्टर नॉर्बर्ट झाल्या होत्या, आतड्याचं ऑपरेशन झालेले. लारिसाने त्यांना कुशीवर वळवलं, पाय पलंगाखाली सोडले, खांद्याला आधार देऊन बसवलं. सगळं ठीक. आणि एकाएकी बाईंची मान लटकली, डोळे वर गेले, श्वास घशात घरघरला.

"मिस्टर नॉर्बर्ट? मिस्टर नॉर्बर्ट!" लारिसा म्हणाली. बाईंचं सगळं ओझं तिच्या अंगावर. "इर्या? इर्या, तुम्ही बऱ्या आहात ना?"

बाईंनी एक डोळा उघडला.

"इर्या कोण?" त्या म्हणाल्या. "मी नाही ओळखत. तुझा पेशंट नॉर्बर्ट चक्कर येऊन कोसळत होता, आणि तू त्याला सोडून कुठल्या तरी इर्याची विचारपूस करायला गेलीस. नॉर्बर्टचं टाळकं फुटलं बघ तिकडे, खाली."

दुसरा विद्यार्थी, डेव्हन पिसानो, फिस्सकन हसला. दारातून जाणाऱ्या दोन नर्सेसही थबकून हसल्या. लारिसाचे कान तापले.

"मला वाटलं, तुम्हाला खरंच—"

"तुला वाटलं! वाटण्याचे पैसे मिळत नाहीत इथे. चक्कर आली तर काय करायचं? आडवं करायचं, पाय वर घ्यायचे, आणि तोंड चालू ठेवायचं त्या माणसाशी. तुझ्या आधीच्या त्या मास्तराने काय लिहिलंय ते मी वाचलंय. मी म्हटलं, बघू, एवढंही नसेल. पण तसंच आहे की!" मग आवाज खाली आणून, जो ओरडण्यापेक्षा वाईट, त्या म्हणाल्या, "परत एकदा खेळ मोडलास, लारिसा, तर मी विद्यापीठाला कळवून टाकीन. तुझ्यासारख्या मुलीला खऱ्या पेशंटजवळ उभं करणं हे पाप आहे. कळलं? पुन्हा."

तिने पुन्हा केलं. त्या दिवशी घरी जाताना तिने बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं आणि बाईंच्या नावाने बोटं मोडली.

पण नुसती बोटं मोडून भागावं अशाही त्या नव्हत्या. वॉर्डात त्यांचं दुसरंच रूप दिसे. कुणी बाप्या दोन दिवस 'मी उठणार नाही' म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेला असला, तर बाई त्याच्या पलंगाशी खुर्ची ओढायच्या आणि मासेमारीच्या गप्पा काढायच्या. त्यांचं जंगलात तळ्याकाठी एक लाकडी घर होतं, वाफेच्या अंघोळीची सौना होती. सौनेची लाकडं त्या अजून स्वतः फोडायच्या. कुऱ्हाड कशी धरावी यावर वाद घालता घालता तो गडी कधी उठून बसला, हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. एकदा लारिसाकडून एका आजीबाईंना नीट खुर्चीत बसवणं झालं, अगदी झोकात. मधल्या सुट्टीत आपल्या गुलाबी साखरेच्या पावाचा अर्धा तुकडा त्यांनी तिच्यापुढे सरकवला. त्या अर्ध्या पावावर लारिसाने पुढचे कितीतरी दिवस काढले. शिव्या देणाऱ्या माणसाच्या एका शाबासकीसाठी आपण किती लाचार होतो, हे ज्याला असा गुरू मिळाला त्यालाच ठाऊक.

तो गुरुवार उजाडला तो कुंदच. सकाळी कॉफीच्या मशीनपाशी बाई कपाळ दाबत उभ्या होत्या.

"डोकं जड झालंय," त्या म्हणाल्या. "वारा फिरलाय बहुतेक."

"गोळी आणू का?" लारिसाने विचारलं.

"मला पेशंट करू नकोस. तो मान दुपारचा."

दुपारी त्या आडव्या झाल्या. पेन उजव्या मुठीत. "मी मिसेस डॉयल," त्यांनी सांगून टाकलं. "डावा खुबा मोडला, काल ऑपरेशन झालं, आज पहिल्यांदा उठतेय. बाकी ठणठणीत. डेव्हन पुढे, लारिसा मदतीला. चला."

डेव्हन हुशार मुलगा. आवाज गोड, हात सराईत, आणि आपण हुशार आहोत हे माहीत असलेला. त्याने पाय सांभाळत बाईंना वळवलं. बाईंनी त्याला मन भरून शिव्या दिल्या. "हात लावू नकोस रे मेल्या! दुखतंय! तुझी आई असती तर अशी ओढली असतीस?" डेव्हन गोड हसत, धीर देत राहिला. बाई पलंगाच्या कडेला बसत्या झाल्या. लारिसा उजव्या बाजूला, हात त्यांच्या पाठीशी.

आणि पेन पडलं. टक् असा आवाज झाला आणि ते घरंगळत लारिसाच्या बुटापाशी येऊन थांबलं.

"पाणी," बाई म्हणाल्या. "पाणी ते... गाडीत, ते... त्या त्या..."

डेव्हनचा चेहरा उजळला. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, काहीबाही बोलतात, हे त्याने वाचलं होतं. बाई बाकीच्यांना देत नाहीत ती अवघड परीक्षा आपल्याला देतायत, असं त्याला वाटलं. तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"मिसेस डॉयल, मी डेव्हन. तुम्ही हॉस्पिटलात आहात. तुम्हाला सांगता येईल का, आज वार कोणता?"

"ते ते... त्या..."

"काही हरकत नाही. शांत व्हा. महिना कोणता, सांगता येईल?"

लारिसा पेनाकडे बघत होती. पेन पडत नसतं. महिनाभर ती या बाईंना मरताना बघत होती. डावा हात लोंबायचा, डावा गाल ओघळायचा, पण उजवी मूठ कधी सुटली नव्हती. आणि आज मिसेस डॉयलचं तर फक्त हाड मोडलं होतं. तिला कळलं. वाटलं नाही, कळलं. सकाळचं जड डोकं आठवलं.

मग तिने काय केलं? खाली वाकली, पेन उचललं, आणि बाईंच्या उजव्या हातात परत ठेवलं. त्यांची बोटं एकेक करून पेनाभोवती मिटवली. हात उबदार होता आणि झोपलेल्या पोराच्या हातासारखा सैल. बाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शिवी नव्हती, हुकूम नव्हता. लारिसाने हात काढला, आणि पेन परत पडलं.

बाईंच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आला. लाळेची तार हनुवटीपर्यंत ओघळली. डेव्हनने लारिसाकडे बघून भुवया उंचावल्या. काय अभिनय आहे, असं त्याचा चेहरा म्हणत होता.

"इ—" लारिसाच्या तोंडून निघालं.

परत एकदा खेळ मोडलास तर. तिने तोंड मिटलं. धोक्याचं लाल बटण तिच्या खांद्याला जवळजवळ टेकलेलं होतं, पाठ मागे केली असती तरी दाबलं गेलं असतं. ती अंग चोरून पुढे सरकली. बाई आत्ता म्हणतील, असं ती स्वतःला सांगत होती. आत्ता पुरे म्हणतील, गालातल्या गालात हसतील, डेव्हनला पैकीच्या पैकी देतील आणि मला म्हणतील, शाबास, या वेळी तग धरलास. ती पुरेची वाट बघत मूग गिळून उभी राहिली. डेव्हन वार, महिना, गाव, पंतप्रधान असं एकेक विचारत राहिला. समोर घड्याळ होतं. लारिसाने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

वॉर्डाची मुख्य नर्स फ्लोरेन्स चाकाची खुर्ची न्यायला आली म्हणून ते थांबलं, नाहीतर कुठवर चाललं असतं कोण जाणे. ती दारातच थबकली.

"इर्या? ए इर्या, इकडे बघ. हस बघू माझ्याकडे." बाईंचं अर्धं तोंड हललं. फ्लोरेन्सने दोन ढांगांत खोली ओलांडली, लारिसाला बाजूला सारलं आणि बटण दाबलं. "डोळे फुटले का रे तुमचे!" ती किंचाळली.

फौज धावत आली. या वेळी कुणी सफरचंदाचा रस मागितला नाही.

"केव्हापासून?" बाईंना नेता नेता डॉक्टरने विचारलं.

"आम्हाला वाटलं नाटक आहे," डेव्हन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उडालं होतं.

"केव्हापासून?" डॉक्टर लारिसाकडे वळला.

"आत्ताच," ती म्हणाली. "मलाही नाटकच वाटलं."

मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध दिलं. त्याने जीव वाचला. उजवा हात नाही वाचला, उजवा पाय अर्धामुर्धा, आणि बोलणं गेलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, गाठ मोठी होती, लवकर कळलं असतं तर थोडाफार फरक पडला असता, कदाचित नसताही. डॉक्टरांच्या त्या 'कदाचित'ला धरून लारिसा रात्री झोपायचा प्रयत्न करायची.

डेव्हनने सगळ्यांना सांगितलं, भेटेल त्याला सांगितलं. मी वार विचारत बसलो, मी महिना विचारत बसलो, असं म्हणत तो जेवणाच्या खोलीत सगळ्यांदेखत रडला. लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खरं बोलणाऱ्याला रडता येतं. लारिसा बाजूला बसून सूप ढवळत राहिली. "तूही बिचारी," म्हणत कुणीतरी तिच्याही पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तो हात झटकून टाकावा असं तिला वाटलं, पण तिने तो फिरू दिला.

हॉस्पिटलने चौकशी केली. चौकशीत कुणाचंच चुकलं नव्हतं, असल्या चौकशांत कुणाचं तसंही चुकत नसतं. विद्यापीठातून डॉ. हेदर ब्लेन यांचा फोन आला. विद्यार्थ्यांना कुठे पाठवायचं आणि पास-नापास काय नोंदवायचं, हे सगळं त्या बघायच्या.

"तुम्ही दोघं ज्यातून गेलात, त्यानंतर कुठल्या तोंडाने तुमची परीक्षा घ्यायची आम्ही?" त्या मायेने म्हणाल्या. "राहिलेले दिवस इर्याच्या सहकाऱ्याच्या, गॉर्डच्या हाताखाली काढा. त्याची काही हरकत नसेल, तर ते संपल्यावरच्या सोमवारी तुम्हा दोघांना पास नोंदवते. आणि लारिसा, तुझ्याबद्दल मागे जे लिहिलं होतं ना, धीर सुटतो म्हणून, ते मला आता पटत नाही. किती शांत राहिलीस तू."

लारिसाने थँक्यू म्हटलं. मग आईला फोन केला. त्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोगी वळता वळता बायकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

बाईंना त्याच मजल्यावर, दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवलं होतं. गॉर्ड मकाय, बाईंच्या बरोबरीने वीसेक वर्षं काम केलेला शांत, लांबोडका माणूस, रोज त्यांना उठवायला जायचा आणि रोज हात हलवत परत यायचा. बाई डाव्या हाताने त्याला ढकलून द्यायच्या. त्या आजारात कधी कधी सगळे शब्द जाऊन एखादाच मागे उरतो. काय विचाराल त्याला तोच एक शब्द उत्तर म्हणून येतो. बाईंकडे उरला होता तो 'पुन्हा'. नाव काय? पुन्हा. पाणी हवंय? पुन्हा. दुखतंय का? पुन्हा. नवख्या नर्सेसना हसू आवरायचं नाही. जुन्या नर्सेस त्यांना डोळ्यांनी दटावायच्या आणि तोंड वळवायच्या.

लारिसा त्या खोलीसमोरून जाताना पलीकडच्या भिंतीकडे बघत जायची. शेवटच्या शुक्रवारी ती अशीच चालली होती, तर आतून काहीतरी आदळलं. बाईंनी पाण्याचा पेला ढकलून दिला होता आणि डाव्या हाताचं बोट तिच्यावर रोखलं होतं.

"पुन्हा!"

गॉर्ड पलंगाशी उभा होता. "आत ये," तो म्हणाला. "तुझ्याकडेच बोट दाखवतायत. सकाळपासून मला जवळ येऊ देत नाहीत. नियमात बसत नाही हे, पण आज तरी त्यांना उभं करायलाच हवं. करशील? मी दारात थांबतो."

नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. ती पलंगाशी गेली. बाई अर्ध्या झाल्या होत्या, केस चपटे, गाऊनची नाडी सुटलेली. लारिसाने आधी नाडी बांधली. मग, शिकवलं होतं तसं, तोंड चालू ठेवून एकेक सांगत गेली. आता कुशीवर वळतोय. आता पाय खाली सोडतेय. आता बसतोय. चेहऱ्याकडे बघत, उजव्या खांद्याला आधार देत. हात कुठे चुकत नव्हता. तिला उगाचच वाटलं, हे बघून बाई अर्धा पाव पुढे सरकवतील.

"उभं राहायचं?"

"पुन्हा."

तिने आपला गुडघा बाईंच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून अडवला, कमरेला हात घातले आणि त्यांना उठवलं. तेव्हा तिला ते ओझं कळलं. इतक्या गुरुवारी या बाई पोतं झाल्या होत्या, पण तेव्हाही त्या पाय रोवत होत्या. पाठ ताठ करत होत्या. शिव्या देता देता पोरांवर माया करत होत्या. पोतं खरं तर आज झालं होतं. लारिसाचे डोळे भरले.

तिने त्यांना हळूच परत बसवलं. बाईंना धाप लागली होती. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि लारिसाच्या पुढ्यात आणून ठेवला. मग मिटलेली बोटं एकेक करून उघडली आणि तळहात तिच्यासमोर धरला. रिकामा तळहात. आणि तिच्याकडे बघत राहिल्या, अगदी त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

म्हणजे त्यांना आठवत होतं. शब्द गेले होते, पण तेवढं राहिलं होतं. आपल्या हातात पेन परत कुणी कोंबलं, कुणाच्या तोंडातून 'इ' निघाला आणि गिळला गेला, सगळं.

"मी बघितलं होतं," लारिसा पुटपुटली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नसेल.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

"पेन पडताना मी बघितलं होतं. मला कळलं होतं, इर्या. नाटक नाही हे कळलं होतं."

"पुन्हा."

बाईंना काय म्हणायचं होतं, देव जाणे. त्यांच्याकडे शब्दच तेवढा होता. क्षमेलाही तोच आणि शापालाही तोच. पण या बाईंनी पुन्हा म्हटलं की पुन्हा करायचं, एवढंच लारिसाच्या अंगात मुरलं होतं.

"मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले," ती म्हणाली, आणि या वेळी तिला आवाज आवरला नाही. "मला नापास व्हायचं नव्हतं!"

बाहेर कुणाची तरी पावलं थांबली. दारात गॉर्ड ताठ झाला होता.

"काय कळलं होतं तुला?" त्याने विचारलं.

अजूनही निभावता आलं असतं. काही नाही, मन भरून आलं, एवढं म्हटलं असतं तर त्या सज्जन माणसाने पाण्याचा ग्लास आणून दिला असता आणि सोमवारी सगळं सुरळीत झालं असतं. लारिसाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हात मागे घेतला नव्हता.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

लारिसा गॉर्डकडे वळली आणि तिने सकाळच्या कॉफीपासून सांगायला सुरुवात केली.